निधर्मी राज्यात देवळाचे काम काय?

राज्य निधर्मी झाले, आता धर्माला वाली उरला नाही, असे उद्गार आपल्या मंडळींत वारंवार ऐकू येतात. उत्सवाची मिरवणूक ठरावीक वेळेत आटपण्यास पोलिसांनी सांगितले की हे वाक्य येते. शाळेतील प्रार्थनेचा वाद वर्तमानपत्रात आला की येते. आणि देवस्थानच्या हिशेबाबद्दल धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतून पत्र आले म्हणजे तर हटकून येते. बोलणारे लोक भाविक असतात, त्यांची कळकळ खरी असते, म्हणून या तक्रारीचा नीट विचार करणे अगत्याचे आहे. वाली म्हणजे कोण, आणि तो होता त्या काळी धर्माचे नेमके काय चालले होते, हे पाहिल्यावाचून तिचा निकाल लागणार नाही.

प्रथम शब्दच पाहू. 'निधर्मी' हा शब्द आपण सैलपणे वापरतो आणि निम्मा घोटाळा त्यानेच केला आहे. तो उच्चारताच कोणी अधर्मी, देवाधर्माची चाड नसलेला मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो. घटनेच्या उद्देशिकेत हे विशेषण १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. तिच्या मराठी पाठात 'धर्मनिरपेक्ष' असा शब्द आहे, हिंदी पाठात 'पंथनिरपेक्ष' असा आहे. आम्हांस हिंदी पाठातील शब्द अधिक नेमका वाटतो. धर्म या शब्दाच्या पोटात आपल्याकडे पूजाअर्चा येते, तसे आईबापांविषयीचे कर्तव्य येते, शेजारधर्म येतो, राजधर्मही येतो. त्या अर्थाने पाहिले तर कोणतेच राज्य धर्मावाचून एक दिवस चालणार नाही. राज्याने सोडावयाची ती पंथाची अपेक्षा. तू कोणत्या देवापुढे हात जोडतोस, हे त्याने विचारावयाचे नाही. तथापि रूढ झालेला शब्द एकट्यादुकट्याने टाकून देता येत नाही, म्हणून मथळ्यात आम्ही तोच ठेवला आहे.

शब्द मागाहून आला तरी व्यवस्था १९५० पासूनची आहे. पंचविसाव्या कलमाने प्रत्येकास आपापला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य एवढ्याच्या मर्यादा घातल्या, आणि समाजसुधारणेचे कायदे करण्याची मुभा राज्याकडे ठेवली. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून राखून ठेवलेला कर कोणासही सक्तीने द्यावा लागू नये, असे सत्ताविसावे कलम सांगते. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ नये, असे अठ्ठाविसावे सांगते. आणि या सर्वांच्या आधी सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली आहे. ही कलमे शांतपणे वाचणाऱ्यास त्यांत देवावरचा रोष कोठे आढळेल असे आम्हांस वाटत नाही.

राज्याला स्वतःचा पंथ असला म्हणजे काय होते, हे ज्यांची कुलदैवते गोव्यात आहेत अशा आपल्या सभासद घराण्यांस सांगावयास नको. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या मुलखांत पोर्तुगीज राजसत्तेने देवळे पाडली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. ती गावे त्या काळी पोर्तुगीज हद्दीबाहेर होती म्हणून. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशनचे न्यायासन बसले, ते १८१२ मध्ये कायमचे उठले. त्या राज्यात धर्माला वाली नव्हता असे कोण म्हणेल? वाली भक्कम होता, फक्त तो दुसऱ्याच्या धर्माचा होता. आणि त्या हिंदूंना मोकळा श्वास मिळाला तो कोणा भाविक राजामुळे नव्हे. १९१० साली लिस्बनमध्ये राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले, पुढल्याच वर्षी त्याने राज्य आणि चर्च यांची फारकत केली, आणि गोव्यातील हिंदूंना बरोबरीचे नागरिक म्हणून वावरण्याची वाट मोकळी झाली. ते प्रजासत्ताक चालविणारे लोक धर्मगुरूंचा तिटकारा करणारे होते. मंगेशाची महती त्यांच्या कानावरही गेली नसेल. (पुढे सालाझारच्या अमलात नागरिकांची मोकळीक पुन्हा आखडली, ती गोष्ट निराळी.) आम्ही थोडे असू तेथे राज्याने निरपेक्ष असावे असे आम्हांस वाटते. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांनी तेथे गणपती बसविला तर त्या देशाच्या सरकारने त्यांना आडकाठी करू नये, असेही वाटते. मग आम्ही पुष्कळ आहोत तेथे तीच निरपेक्षता जाचक कशी होते, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

आता आपल्या वडोदऱ्याकडे वळू. गायकवाडांच्या मागोमाग आपले पूर्वज येथे आले; कोणी फौजेत, कोणी दप्तरात, कोणी देवळात. आमचे घर तिसऱ्या वर्गातले. राजाश्रयाच्या गोष्टी आम्ही आजोबांच्या तोंडून ऐकत वाढलो. वर्षासने, इनामे, सणावारी वाड्यातून येणारी शिधासामग्री. पुण्यास पेशवे श्रावणमासात दक्षिणा वाटीत, तिच्या वर्णनाने आजही म्हाताऱ्यांचे डोळे लकाकतात. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा काढली, हे मात्र फारसे कोणी आठवीत नाही.

या आश्रयाने विद्या जगविली हे नाकारता येणार नाही. पण तिने आणखीही एक केले. पुरोहिताचे पोट यजमानावर फारसे अवलंबून नसे, म्हणून यजमानाला काही समजले की नाही याची चिंता त्याने वाहण्याचे कारण उरले नाही. मंत्र पाठ असत, हात जोडले जात, अर्थ कोणाला कळत नसे आणि कोणाचे त्यावाचून अडतही नसे. हे आम्ही पदरचे बोलत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१५ साली बडोदे संस्थानात हिंदू पुरोहितांसाठी कायदा केला. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे, आणि संस्काराच्या वेळी मंत्राचा अर्थ यजमानास समजेल अशा भाषेत सांगावा. न केल्यास दंड. सर्व सुरळीत चालले असते तर राजाला असा कायदा करण्याचे प्रयोजनच पडले नसते. आमच्या वाडवडिलांच्या व्यवसायाला ही चपराक होती, आणि ती एका आस्तिक राजाने दिली होती.

तथापि राजा कितीही समंजस असो, त्याच्या हुकमाला कोठे तरी थांबावे लागते. ते ठिकाण याच शहराने एकदा दाखवून दिले आहे. महाराजांनी १९१३ साली एका तरुणास शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात शिकावयास धाडले. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. करारानुसार १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास येथे आले. नोकरी होती, पगार होता, राजाची मर्जी होती; रात्री पाठ टेकण्यास जागा मात्र मिळेना. हिंदूंच्या वस्तीत कोणी ठेवून घेतले नाही. अखेर पारशांच्या सरायीत नाव बदलून राहिले, तेथेही जात कळली आणि लोकांनी लाठ्या घेऊन त्यांस बाहेर काढले. ज्या बागेत झाडाखाली ते बसले तेथील जागेस आज 'संकल्पभूमी' म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकजण तिच्यावरून जात येत असतील. थोड्याच दिवसांत ते मुंबईस परतले.

या घटनेकडे सामान्यतः महापुरुषाच्या चरित्रातील प्रसंग म्हणून पाहिले जाते. आम्हांस ती धर्मासंबंधीची साक्ष वाटते. महाराजांचा हुकूम कचेरीच्या मेजापर्यंत पोचला, घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचला नाही. उंबरठ्यावर राजाचे राज्य नव्हते, धर्माचे होते. आणि त्या दिवशी धर्म गप्प बसला. शहरातील देवळांत त्याही संध्याकाळी आरत्या नेहमीप्रमाणे झाल्या असणार, कथेकऱ्यांनी अतिथीचे माहात्म्य वर्णन केले असणार, श्रोत्यांनी माना डोलावल्या असणार. अतिथी मात्र बागेत बसला होता. राजाश्रय भरभराटीत असताना हे घडले, हे तक्रार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. वाली होता, त्याच्या असण्याने एक दार उघडले नाही.

आज ते काम काही अंशी कायद्याने केले आहे. मुंबई राज्यात १९४७ साली हरिजनांसाठी मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. बडोदे १९४९ मध्ये त्या राज्यात विलीन झाले. १९५६ चा कायदा तर हिंदूंची सार्वजनिक पूजास्थाने सर्व हिंदूंस खुली करणारा आहे. पंढरपूरच्या विठ्ठलासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले, तेव्हा ते दार उघडले. देवळाच्या दाराला कायदा पुरतो. घराच्या दाराला, पंगतीला, मुलीच्या स्थळाला तो अजूनही पुरत नाही, आणि पुरावा अशी अपेक्षाही नाही. म्हणूनच देवळाचे काम संपले नाही, असे आम्ही म्हणतो.

आंबेडकरांनी पुढे १९३६ साली 'जातिभेदाचे निर्मूलन' हा जो निबंध इंग्रजीत छापला, त्यात पौरोहित्याचा वारसा बंद करावा, राज्याने परीक्षा घेऊन सनद द्यावी, सनदेवाचून कोणी संस्कार करू नये, असे सुचविले आहे. सयाजीरावांच्या कायद्याशी याचे साम्य उघड दिसते. यातील पहिले म्हणणे आम्हांस पटते. सर्वोच्च न्यायालयानेही १९७२ साली तामिळनाडूतील अर्चकांच्या खटल्यात पूजा धार्मिक असली तरी पुजाऱ्याची नेमणूक ऐहिक आहे, असे ठरवून वारसा बंद करणारा कायदा कायम ठेवला. २०१४ मध्ये पंढरपुरी बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क त्याच न्यायालयात संपले. आमच्यासारख्यास हे लिहिणे सोपे नाही, कारण उद्या हाच न्याय आमच्या घरास लागू होईल. पण पाठांतर जन्माने येत नाही, श्रद्धा तर नाहीच. वारसाने येतात ती भांडी आणि पंचांगे. दुसरे म्हणणे, सनद राज्याने द्यावी हे, आम्हांस तितकेसे रुचत नाही. ज्या राज्याला कोणाचा देव कोणता हे विचारावयाचे नाही, त्याने मंत्रांच्या उत्तरपत्रिका तपासणे विसंगत होईल. परीक्षा व्हावी, आणि ती आपणच घ्यावी.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. राज्य जर निरपेक्ष आहे तर ते हिंदूंच्याच देवळांत हात का घालते? दक्षिणेतील काही राज्यांत हिंदू देवस्थानांसाठी स्वतंत्र कायदे आहेत, सरकारी अधिकारी देवळांचा कारभार पाहतात. तेथे या आक्षेपात वजन आहे, आणि तो सनदशीर मार्गाने मांडणाऱ्यांस देशद्रोही वा धर्मवेडे ठरविण्याचे कारण नाही. पण आपल्या येथील गोष्ट वेगळी आहे. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा हिंदू म्हणून हिंदूंसाठी केलेला नव्हता. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जे गेले त्यांत एका जैन देवस्थानचे व्यवस्थापक होते आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त होते. १९५४ च्या त्या निकालात न्यायालयाने कायद्याची काही कलमे रद्द केली, बाकीचा कायदा ठेवला, आणि रेघ अशी ओढली की कोणते विधी आवश्यक हे त्या त्या धर्माच्या लोकांनी ठरवावे, मालमत्तेचा कारभार मात्र कायद्याने नियमित करता येईल. आमच्या समजुतीने ही रेघ बरोबर जागी आहे. कायद्याच्या दृष्टीने देव हा मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती आहे, परंतु अज्ञान बालकासारखी. तिच्या वतीने व्यवहार दुसऱ्याने पाहावयाचा. बालकाचा पैसा ज्याच्या हाती आहे त्याचा हिशेब तपासला जाऊ नये असे पालकच म्हणू लागला, तर शेजाऱ्यांनी काय समजावे? आयुक्तांचे पत्र आले म्हणून धर्म बुडत नाही. फार तर कोषाध्यक्षांची दुपारची झोप बुडते.

पैशाचा विषय निघालाच आहे तर आपल्या सभामंडपाविषयी दोन शब्द लिहितो. छप्पर नवे करणे आहे, अंदाज वाढला आहे, आणि आमदारांच्या निधीतून काही मिळाल्यास पाहावे अशी सूचना मंडळाच्या सभेत आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, तरी आमचा तिला विरोध आहे. सोमनाथच्या जीर्णोद्धाराचा संकल्प सरदार पटेलांनी १९४७ च्या नोव्हेंबरात जाहीर केला, तेव्हा हा खर्च सरकारी तिजोरीतून नव्हे तर लोकांकडून व्हावा असे गांधीजींनी म्हटले होते. १९५१ च्या ११ मे रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी तेथे जावे की न जावे यावर त्यांचे आणि नेहरूंचे मतभेद झाले, त्यावर भाराभर लिहिले गेले आहे. गांधीजींचे ते वाक्य मात्र मागे पडले. त्याहून जुना दाखला हवा असेल तर इंदूरच्या अहिल्याबाईंचा आहे. काशी विश्वेश्वराचे देऊळ आणि देशभरचे घाट, धर्मशाळा त्यांनी बांधल्या त्या खासगीच्या उत्पन्नातून. दौलतीचा पैसा राज्यकारभाराचा, खासगीचा आपला, हा भेद त्यांच्या घराण्यात स्पष्ट होता. त्या स्वतः शंकराच्या नावाने राज्य करीत, यापरती धर्मशील राज्यकर्ती दुसरी कोण दाखवावी? तिलाही दोन थैल्या वेगळ्या ठेवता आल्या. आपल्या मंडपाचे छप्पर सभासदांच्या वर्गणीने एक-दोन पावसाळे उशिरा होईल. तोवर उत्सवात ताडपत्री बांधावी लागेल, एवढेच. शेजारच्या मुसलमान किंवा ख्रिस्ती गृहस्थाने भरलेल्या करातून आपल्या डोक्यावर पत्रा घालून घेण्यापेक्षा ते बरे.

मग राज्याला धर्माची गरज मुळीच नाही काय? गंमत अशी की आहे, आणि ती त्याने कायद्यातच लिहून ठेवली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम पाहावे. दोघांपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी विवाह लागू शकतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो, असे ते सांगते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे म्हटले की विधी झालेलेच नसतील तर नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. विवाह म्हणजे नाचगाणे, खाणेपिणे आणि देण्याघेण्याचा सौदा नव्हे. ज्या राज्याला आपण निधर्मी म्हणतो ते राज्य पतिपत्नींचे नाते ठरविण्यासाठी त्या सात पावलांकडे पाहते. त्या सातांत काय म्हटले जाते हे ते विचारीत नाही. ते सांगणे आमच्या घराण्यांचे काम होते.

आम्ही वडिलांबरोबर गेली काही वर्षे लग्ने लावीत आहोत. सप्तपदीच्या वेळी छायाचित्रकार वराला मान इकडे वळविण्यास सांगत असतो, सभागृहाची वेळ संपत आल्याने वधूचे मामा घड्याळ दाखवीत असतात, आणि "गुरुजी, थोडक्यात आटपा" हे शब्द दोन्ही पक्षांकडून येतात. दोष त्यांचाच कसा म्हणावा? जे कळत नाही ते लांबले की कंटाळा येणारच. अन्नासाठी एक पाऊल, बळासाठी दुसरे, असे करीत सातवे पाऊल सख्यत्वासाठी आहे, हे त्या मुलीला कधी कोणी सांगितलेलेच नसते. सख्य हा शब्द नोकराणी आणि धनी यांच्या नात्याला लागत नाही. तो अर्थ ज्या घरात पोचला त्या घरात सुनेला वागविण्याची रीत काय असावी, हे तिच्या सासूला वेगळे समजावे लागणार नाही. कौटुंबिक छळाविरुद्ध कायदे आहेत आणि ते असलेच पाहिजेत. पण ते मार पडल्यानंतर धावून येतात.

सयाजीरावांनी जे दंडाची भीती घालून करविण्याचा यत्न केला, ते आज करावयास लावणारे कोणी नाही. बडोद्याचे संस्थानही नाही. म्हणून वडिलांशी बोलून आम्ही असे योजिले आहे की तुळशीचे लग्न होऊन मुहूर्त सुरू होण्यापूर्वी, कार्तिकातील दर रविवारी संध्याकाळी आरतीनंतर देवळाच्या ओसरीवर एक तास विवाहसंस्काराचा अर्थ सांगावा. आता पुष्कळ घरांत सून किंवा जावई गुजराती आहे, तेव्हा मराठीबरोबर गुजरातीतही सांगू. वधूवरांनी दोघांनी मिळून यावे, दोन्हींकडील वडीलधाऱ्यांना आणावे. जातीचा प्रश्न कोणास विचारला जाणार नाही. दक्षिणा ठेवावयाची नाही. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी नाव देवळातील वहीत नोंदवावे, आणि मंत्रातील एखादी गोष्ट आजच्या काळी पटत नसेल तर तीही विचारण्यासाठी लिहून आणावी. कन्यादानावर प्रश्न येणार हे आम्ही धरूनच चाललो आहोत.